प्लग पॉइंट, एक

सप्टेंबरातच वहीचं मधलं पान फाडून घेते मी
आणि पेन्सिलनं रेघा मारते.
बेल्मीरोला कॉम्प्युटरवरचे आकडे पटत नाहीत,
म्हणतो, इदालिना, ते फार लवकर खरे वाटायला लागतात.

हाताशी अकरा हजार चारशे युरो.
मार्चमध्ये जायचंय द्युसेलडॉर्फला, तीन दिवस,
वाइनवाल्यांच्या जत्रेत आपली बुचं घेऊन.

जागा नऊ चौरस मीटर.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
इथं अंथरुणाचंच भाडं चार हजार एकशे,
आणि कोपरा हवा तर
पाय दुसऱ्या बाजूनंही बाहेर काढण्याचे वेगळे सहाशे.
कोपरा नको, मी लिहिते.
बेल्मीरो खिडकीबाहेर बघतो.
म्हणजे कोपरा हवा होता.

मग गालिचा.
आमच्या कारखान्यात जमिनीवर बुचाचा भुसा असतो,
पाऊल हलकं पडतं, फुकट.
तिथं राखाडी गालिचा मीटरवर,
आणि चौथ्या दिवशी तो कचऱ्यात टाकायचा,
तेही मीटरवर.

व्हॅन टेलमो हाकणार, बहिणीचा मुलगा.
लामासपासून दोन हजार किलोमीटर,
डिझेल, टोल, बोर्दोजवळ एक रात्र.
पण गोदीपासून स्टॉलपर्यंतचे शेवटचे ऐंशी मीटर
खोकी त्यांचीच माणसं वाहणार, त्यांच्याच दरानं.
अख्खा स्पेन ओलांडायला लागत नाही
एवढं त्या ऐंशी मीटरला लागतं.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
आमची कोंबडी तर चार आण्याचीही नाही:
एका बुचामागे सात सेंट सुटतात,
तेही साल चांगली निघाली
आणि सालही चांगलं गेलं, तर.
म्हणजे एवढं भरून यायला
एक लाख त्रेसष्ट हजार बाटल्या
कुणीतरी, कुठंतरी बंद करायला हव्यात.
रात्री झोप येईना की मी त्या मोजते.
चारशेच्या पुढं कधी गेले नाही.

प्लग पॉइंट, एक : दोनशे छत्तीस.
हे मी खोडलं.
दिवे भिंतीसोबत येतात, बुचाला कशाला वीज?
टेलमो म्हणाला, कॉफीचं यंत्र.
मी म्हणाले, थर्मास.
दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर
खोडलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा, निळ्या पेननं.
पेन्सिलवर पेन म्हणजे आमच्याकडे मालकाचा शब्द.
त्यावर वाद नाही. फक्त हॉटेल आणखी तीस किलोमीटर लांब गेलं.

मार्च. दुसरी दुपार.
समोरच्या शँपेनवाल्यांकडे माणसांची रीघ,
आमच्याकडे दोघी आल्या, स्वच्छतागृह विचारायला.
मग एक जाडसर गृहस्थ, गळ्यातल्या पट्टीवर मोल्दोव्हा,
हातात मेलेला फोन.
बोट आमच्या प्लगकडे.

चाळीस मिनिटं बसला तो खोक्यावर.
बोलला काही नाही.
टोपलीतली बुचं एकेक उचलून
नखानं दाबायचा, नाकाशी धरायचा,
एकाला तर चक्क दात लावून पाहिला.
मग विचारलं, झाड किती वर्षांचं?
बेल्मीरोनं सांगितलं:
पहिली साल पंचविसाव्या वर्षी, ती कामाची नाही.
मग दर नऊ वर्षांनी एकदा. तिसऱ्या सोलणीला बूच होतं.
सोललेल्या खोडावर सालाचा शेवटचा आकडा रंगवतो आम्ही,
म्हणजे घाई कुणी करत नाही.
माणूस मोठ्यानं हसला,
माझी वाइन एवढी थांबायची नाही, म्हणाला.
तीन बुचं खिशात टाकली,
फोन बासष्ट टक्क्यांवर काढून घेतला, गेला.
कार्ड द्यायचं राहिलं. कार्डं संपलीच होती,
त्यांची छपाई मीच निम्म्यावर आणली होती.

त्याची ऑर्डर आलेली नाही.
कुणाचीच म्हणावी तशी नाही, एक पोलंडची सोडून, तीही उधारीवर.

पुन्हा सप्टेंबर.
फाडलेल्या पानाच्या डोक्यावर
यंदाच्या सालाचा शेवटचा आकडा मी मोठा काढते, खोडावर काढतात तसा.
खाली पहिली ओळ: प्लग पॉइंट, एक.
पेननं.
मग पेन्सिल घेऊन बाकीचं.
कोपऱ्याच्या सहाशेपाशी हात थांबतो.
बेल्मीरो आज खिडकीबाहेर बघत नाहीये.